सॅक्रामेंटो ते शायान: पहिल्या आंतरखंडीय रेल्वेच्या मागावर, बाबांसोबत

बाबा मध्य रेल्वेत पीडब्ल्यूआय होते, म्हणजे रुळांची देखभाल बघणारे इन्स्पेक्टर, नोकरीची बरीच वर्षं कर्जत-लोणावळा घाट सेक्शनला गेली. त्यामुळे उन्हाळ्यात ते आमच्याकडे कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला येणार म्हटल्यावर त्यांना डिस्नेलँड दाखवायचं की ग्रँड कॅन्यन हा प्रश्नच नव्हता, मी आधीच ठरवलं होतं की अमेरिकेचा पूर्व आणि पश्चिम भाग जोडणारी जी पहिली रेल्वे १८६९ साली पूर्ण झाली तिच्या मार्गाने गाडी घेऊन जायचं. तशी ती लाईन आमच्या घराजवळूनच जाते. नाइल्स कॅन्यनमधून सप्टेंबर १८६९ मध्ये पहिल्यांदा गाडी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपर्यंत आली, आणि आता त्याच रुळांवर हौशी लोक जुनी इंजिनं चालवतात. बाबांना ते आधी दाखवलं होतं, तेव्हाच म्हणाले, "अगं, हे शेपूट झालं, डोकं कुठाय?" म्हणून ही ट्रिप. मी, नवरा आणि बाबा. डिकीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा आणि बाबांची टॉर्च, जी ते कुठेही गेले तरी बरोबर नेतात.

मंगळवार, सॅक्रामेंटो

सकाळी निघून दहाच्या आसपास ओल्ड सॅक्रामेंटोला पोचलो. नदीकाठी जुन्या लाकडी फूटपाथांची आणि दुकानांची पेठ राखून ठेवलीय, आणि तिथेच के स्ट्रीट आणि फ्रंट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर ८ जानेवारी १८६३ ला सेंट्रल पॅसिफिक रेलरोडचं भूमिपूजन झालं. अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध जोरात चालू होतं आणि लिंकनने त्याच्या आदल्या वर्षी, १ जुलै १८६२ ला, पॅसिफिक रेल्वेच्या कायद्यावर सही केली होती. एक कंपनी सॅक्रामेंटोहून पूर्वेकडे रूळ टाकत निघणार, दुसरी म्हणजे युनियन पॅसिफिक नेब्रास्कातल्या ओमाहाकडून पश्चिमेकडे येणार, मध्ये कुठेतरी भेटायचं.

बाबांनी लगेच हिशोब केला, एप्रिल १८६३ ला आपला बोरघाट सुरू झाला. म्हणजे इकडे पहिली कुदळ पडली त्यानंतर तीन-साडेतीन महिन्यांत तिकडे घाटातून गाडी चढायला लागलीसुद्धा. हे मला खरंच माहीत नव्हतं आणि त्यानंतर सगळी ट्रिप मी दोन घाट शेजारी शेजारी ठेवूनच बघत होते.

मग रेल्वे म्युझियम. हे नीट बघायचं तर अख्खा दिवस द्या. सेंट्रल पॅसिफिकचं एक नंबरचं इंजिन 'गव्हर्नर स्टॅनफर्ड' इथे उभं आहे, फिलाडेल्फियात बनलेलं. कॅलिफोर्नियात तेव्हा ना इंजिनं बनायची ना रूळ, प्रत्येक रूळ, रूळ जोडायची प्रत्येक पट्टी (फिशप्लेट) पूर्व किनाऱ्यावरून जहाजात भरून दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून यायची, कित्येक महिने लागायचे. बाबा त्या इंजिनापेक्षा या गोष्टीवरच जास्त वेळ थांबले, कारण मटेरियल वेळेवर न येण्याचा त्रास त्यांनी स्वतः काढलाय.

पण त्यांचा जीव अडकला तो ४२९४ नंबरच्या कॅब-फॉरवर्ड इंजिनात. १९४४ चं, सव्वाशे फुटांच्या वर लांब, आणि ड्रायव्हरची केबिन मागे नसून सगळ्यात पुढे! कॅलिफोर्नियाच्या पूर्वेच्या सिएरा पर्वतात बर्फापासून बचावासाठी रुळांवर मैलोन् मैल लाकडी छप्पर घातलेलं होतं, त्यात आणि बोगद्यांत चिमणीचा धूर मागे येऊन ड्रायव्हर-फायरमन गुदमरायचे, म्हणून इंजिनच उलटं केलं आणि कोळशाऐवजी तेलावर चालवलं. या जातीचं हे एकच उरलंय. बाबा केबिनपाशी गेले आणि तिथल्या स्वयंसेवक आजोबांशी त्यांच्या इंग्रजीत जे सुरू झाले ते अर्धा तास. दोघांना एकमेकांचे उच्चार निम्मे कळत नसावेत पण हातवारे सगळे कळत होते.

थिओडोर जूडाबद्दल लिहायलाच हवं. सिएरातून रेल्वे जाऊ शकते हे ज्याने पायी फिरून, मोजून, नकाशे काढून सिद्ध केलं तो इंजिनियर हा. पैसा मिळवायला तो सॅक्रामेंटोच्या व्यापाऱ्यांकडे गेला आणि त्यातले चौघे, स्टॅनफर्ड, हंटिंग्टन, हॉपकिन्स आणि क्रॉकर, म्हणजे किराणा, हार्डवेअर, कापड असलं विकणारे लोक, रेल्वेचे मालक झाले. जूडाचं त्यांच्याशी बिनसलं, तो दुसरे भांडवलदार शोधायला पनामामार्गे न्यूयॉर्कला निघाला, वाटेत पीतज्वर झाला आणि २ नोव्हेंबर १८६३ ला गेला. सॅक्रामेंटोत पहिला रूळ टाकून जेमतेम आठवडा झाला होता. बाबा म्हणाले, "सर्व्हे करणाऱ्याचं नाव बोर्डावर कधी येत नाही." मग त्यांनी बोरघाटाचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल यांची गोष्ट सांगितली, तेही हिंदुस्थानात आल्यावर काही आठवड्यांतच गेले आणि पुढचं काम त्यांच्या बायकोने, अ‍ॅलिसने, हातात घेऊन पार पाडलं.

बुधवार, डॉनर समिट

सकाळी लवकर आय-८० ने वर निघालो. हा हायवे आणि रेल्वे जवळजवळ बरोबरच चढतात. वाटेत एक गंमतीदार भाग लागतो, गंमतीदार म्हणजे पैशाच्या दृष्टीने. सरकार कंपन्यांना मैलामागे रोखे द्यायचं, सपाटीला १६,००० डॉलर, पायथ्याच्या टेकड्यांना ३२,००० आणि डोंगरात ४८,०००. मग डोंगर सुरू कुठे होतो? सॅक्रामेंटोपासून फक्त सात मैलांवर, आर्केड क्रीकपाशी, जिथे आजही सगळं सपाट आहे! राज्याच्या भूगर्भतज्ज्ञाने तसं लिहून दिलं आणि लिंकनने मान्य केलं. बाबांनी खिडकीतून बघून घेतलं, काही बोलले नाहीत, पण डायरीत लिहिलेलं मी पाहिलं.

कोलफॅक्सच्या पुढे केप हॉर्न नावाचा कडा आहे, तिथे चिनी मजुरांना टोपलीत बसवून कड्यावरून खाली सोडून सुरुंग लावले अशी गोष्ट सगळीकडे ऐकायला मिळते. त्या काळच्या कागदपत्रांत तिला आधार नाही, आणि मला वाटतं खरी हकिगत इतकी मोठी आहे की टोपलीची गरजच नाही.

ती खरी हकिगत वर, सिएराच्या माथ्यावर, डॉनर समिटला. जुन्या हायवे ४० वर गाडी लावून ग्रॅनाइटवरून थोडं चढलं की समोर बोगद्याचं तोंड. समिट टनेल, सहा नंबरचा बोगदा, १,६५९ फूट लांब, समुद्रसपाटीपासून सुमारे ७,००० फुटांवर. १९९३ मध्ये इथले रूळ काढले, गाड्या आता खालून १९२५ च्या लांब बोगद्यातून जातात, त्यामुळे इथे आत चालत जाता येतं. भिंतींवर पोरांनी रंगाचे फवारे मारून ठेवलेत, त्याचं वाईट वाटतं. बाहेर ऊन आणि आत एकदम स्वेटर लागेल अशी थंडी, वरून पाणी टपकतंय, पायाखाली चिखल.

बाबांनी टॉर्च काढली आणि रंग नसलेल्या भागावर धरली. दगडात बोटभर रुंद, अर्ध्या नळीसारख्या सरळ खाचा. मला आधी कळलंच नाही. बाबा म्हणाले, "हे सुरुंगाचं भोक. अर्धा भाग उडाला, अर्धा इथे राहिला." एक माणूस पहार धरून बसायचा, दोघं आळीपाळीने घण मारायचे, प्रत्येक घावानंतर पहार थोडी फिरवायची, भोक खोल झालं की दारू ठासायची. हा ग्रॅनाइट इतका कडक की काळ्या दारूने दिवसाला जेमतेम फूटभर पुढे सरकायचे. फूटभर! म्हणून वरून मधोमध ७३ फुटांची विहीर खणली आणि दोन्ही तोंडं अधिक विहिरीच्या तळाशी दोन बाजू अशा चार ठिकाणी एकदम काम लावलं. विहिरीतून दगड उपसायला एक जुनं इंजिन सुटं करून डोंगरावर ओढत नेलं. नंतर नायट्रोग्लिसरीन वापरलं, तेही तिथेच बनवून, कारण एप्रिल १८६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्या स्फोटात माणसं मेल्यावर ते वाहून नेणं अशक्य झालं होतं. जेम्स हाउडन नावाचा रसायनतज्ज्ञ डोंगरावर बसून रोज लागेल तेवढं करायचा. १८६६-६७ च्या हिवाळ्यात चव्वेचाळीस वादळं आली, मजूर बर्फाखाली भुयारं खणून त्यातूनच झोपडीतून कामावर आणि कामावरून झोपडीत जायचे, काही झोपड्या हिमकड्याखाली माणसांसकट गेल्या, प्रेतं उन्हाळ्यात मिळाली. ऑगस्ट १८६७ मध्ये बोगदा आरपार झाला तेव्हा दोन्हीकडच्या खोदाईत फरक दोन इंचांचा. बाबांना मी हे वाचून दाखवलं तर ते त्या भिंतीला हात लावून नुसते उभे राहिले आणि म्हणाले, "चार तोंडांवरून, थिओडोलाइट घेऊन, या थंडीत. दोन इंच." थिओडोलाइट म्हणजे सर्व्हेत कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र.

हे सगळं करणारे दहा हजारांच्या वर चिनी मजूर होते, कंपनीच्या डोंगरातल्या कामगारांत दहातले आठ-नऊ तेच. १८६५ च्या सुरुवातीला पन्नास जणांना बघू तरी म्हणून घेतलं, कारण सुपरिंटेंडंट स्ट्रोब्रिजला वाटत होतं ही बारीक माणसं काय दगड फोडणार. पगार गोऱ्यांपेक्षा कमी आणि जेवण स्वतःच्या पैशाचं. भात, सुके मासे, भाज्या, आणि पाणी उकळून केलेला चहा, त्यामुळे पोटाच्या रोगांनी ते इतरांपेक्षा कमी आजारी पडायचे. जून १८६७ मध्ये हजारोंनी एकदम काम बंद केलं. महिना चाळीस डॉलर द्या आणि बोगद्यातले तास कमी करा, एवढंच मागणं. कुठे दंगा नाही, मारामारी नाही. क्रॉकरने वर जाणारं धान्यच बंद केलं, आठवडाभरात संप मोडला. मला या संपाची गोष्ट त्या बोगद्यात उभं राहून फार लागली.

बाहेर आल्यावर पलीकडे सात आणि आठ नंबरच्या बोगद्यांमध्ये चायना वॉल आहे, दरी भरून काढणारी दगडांची भिंत, हातांनी बसवलेली. बाबांनी सांध्यांत बोटं घालून पाहिली. तिच्याखालीच खडकावर मूळ रहिवाशांनी हजारो वर्षांपूर्वी कोरलेली चित्रं आहेत, आणि समोर डॉनर लेक. तिथे बसून दशम्या खाल्ल्या. बाबा चढाचं सांगत होते, इथे मैलाला ११६ फूट म्हणजे साधारण वन इन फॉर्टीफाइव्ह (पंचेचाळीस फूट पुढे गेलं की एक फूट वर), आपला बोरघाट वन इन थर्टीसेव्हन, म्हणजे आपला जास्त उभा. पण बर्फ? "बर्फ नव्हता गं आपल्याकडे. आपल्याकडे पाऊस आणि पटकी." घाटात एके काळी चाळीस हजारांच्या वर मजूर होते, हजारो मेले, आणि त्यातल्या एकाचंही नाव बाबांना इतक्या वर्षांच्या नोकरीत कुठल्या कागदावर दिसलं नाही. इथेही तसंच, हजेरीपटावर बहुतेक ठिकाणी टोळीच्या मुकादमाचं नाव, पुढे माणसं किती तेवढा आकडा. १८७० मध्ये सॅक्रामेंटोच्या एका वर्तमानपत्राने बातमी दिली होती की सुमारे १,२०० मजुरांच्या अस्थी गाडीने नेल्या, चीनला परत पाठवायला. बस.

रात्री ट्रकीला मुक्काम. रूळ हॉटेलच्या समोरच, रात्रभर मालगाड्या. नवऱ्याची झोप झाली नाही, बाबांची मस्त झाली.

गुरुवार-शुक्रवार, नेवाडा

वाळवंट. खूप वाळवंट. रीनो शहर रेल्वेनेच वसवलं, मे १८६८ मध्ये प्लॉटचा लिलाव करून. पुढे विनमका, एल्को, सगळी रेल्वेची गावं. डोंगर संपल्यावर कंपनी सुसाट सुटली हे गाडीतून जाताना कळतं, कारण मैलोन् मैल ना चढ ना वळण. एल्कोला शाकाहारी जेवणाचे हाल झाले, चिवड्याने वाचवलं. शुक्रवारी संध्याकाळी युटाहमध्ये ब्रिगहम सिटीला पोचलो.

शनिवार, प्रोमोंटरी समिट

मुद्दाम शनिवार धरला होता, कारण उन्हाळ्यात शनिवारी इथे दोन्हीकडचे रूळ जुळले तेव्हाचा, १० मे १८६९ चा सोहळा पोशाख वगैरे करून पुन्हा करून दाखवतात. ब्रिगहम सिटीपासून तासाभराच्या आत. वाटेत रॉकेट बनवणारा भलामोठा कारखाना लागतो, स्पेस शटलचे बूस्टर इथलेच. आसपास गाव नाही, झाड नाही, गवताळ माळ आणि त्यात दोन इंजिनं समोरासमोर, निळी-लाल 'ज्युपिटर' आणि 'नंबर ११९'. मूळ इंजिनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भंगारात गेली. ही १९७९ ची, मूळ ड्रॉइंग उरलेली नसताना जुन्या फोटोंवरून मापं काढून नव्याने बनवलेली, पण खरी वाफेची. ज्युपिटर लाकडावर म्हणून चिमणी फुगीर, ११९ कोळशावर म्हणून सरळ. पितळ असं घासलेलं की चेहरा दिसतो.

रूळ जुळले तेव्हा शेवटचा खिळा सोन्याचा ठोकला अशी जी गोष्ट आपण ऐकतो, तो खिळा ठोकलाच नव्हता. स्लीपरला, म्हणजे रुळांखालच्या आडव्या लाकडी तुळईला, आधीच भोक पाडून ठेवलं होतं, त्यात हळूच बसवला, चांदीच्या घणाने टेकवल्यासारखं केलं आणि काढून घेतला. सोनं मऊ, ठोकला असता तर वाकला असता. मग साधा लोखंडी खिळा, त्याला तारयंत्राची वायर जोडलेली, आणि देशभर एकच शब्द गेला, 'डन'. सोहळा खरं तर ८ मेला होता, पण युनियन पॅसिफिकचा उपाध्यक्ष ड्युरंट वाटेत वायोमिंगमधल्या पीडमाँटला अडकला, पगार थकलेल्या कामगारांनी त्याचा डबाच अडवून ठेवला होता. पैसे आल्यावर सोडला. बाबांना हा प्रसंग सगळ्यात आवडला.

नाटक छान करतात. पण मला मनापासून वाटतं की या रेल्वेचा खरा टप्पा हा नाही. इथे दोन टोकं जुळली, ती कधीतरी, कुठेतरी जुळणारच होती. तसं बघितलं तर दोन्ही कंपन्यांना मैलामागे पैसे मिळत असल्याने त्या न थांबता एकमेकींना ओलांडून दोनशे मैलांच्या वर समांतर भराव टाकत गेल्या, शेवटी एप्रिल १८६९ मध्ये भेटीची जागा वॉशिंग्टनला ठरवावी लागली. इथून जवळच्या बिग फिल नावाच्या पायवाटेवर हे दोन्ही मार्ग शेजारी शेजारी दिसतात. पण डॉनरचा बोगदा आरपार गेला नसता तर हे काहीच झालं नसतं. वर्धापनदिन साजरा करायचा तर ऑगस्ट १८६७ चा करायला हवा.

तिथल्या पाट्यांपैकी एक मात्र जरूर बघा, एका दिवसात दहा मैलांची. २८ एप्रिल १८६९, सकाळपासून संध्याकाळपर्यंत सेंट्रल पॅसिफिकने १० मैल ५६ फूट रूळ टाकले. २५,८०० स्लीपर, ३,५२० रूळ. रूळ उचलणारे आठ आयरिश होते, त्यांची नावं नोंदलेली आहेत. बाकी हजारो हातांची नाहीत. आणि अँड्र्यू रसेलने काढलेला तो प्रसिद्ध फोटो, दोन इंजिनं, बाटल्या उंचावलेली गर्दी, त्यात चिनी मजूर शोधावे लागतात. १९६९ च्या शंभराव्या वर्षी वाहतूक मंत्र्याने भाषणात हे बोगदे अमेरिकनांशिवाय कोण खणू शकलं असतं असं म्हटलं, चिनी मजुरांचं नावही घेतलं नाही, आणि चिनी-अमेरिकन इतिहास संस्थेच्या फिलिप चॉय यांना बोलायला वेळच दिला नाही. १८८२ च्या कायद्याने तर चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी केली होती. २०१४ मध्ये कॉर्की ली या फोटोग्राफरने मजुरांच्या वंशजांना इथे बोलावून त्याच जागी तसाच फोटो काढला, आणि २०१९ ला दीडशेव्या वर्षी भाषण करायला आल्या त्या वाहतूक मंत्री एलेन चाओ, तैवानहून लहानपणी आलेल्या. गिंग कुई, वाँग फूक, ली शाओ, ही तीन नावं मी वहीत लिहून घेतली. १९१९ ला ऑग्डेनमध्ये पन्नासावं वर्ष साजरं झालं तेव्हा त्या मजुरांपैकी हयात असलेले हे तिघे मिरवणुकीत होते.

इथूनही आता गाडी जात नाही. १९०४ मध्ये खाऱ्या तलावावरून थेट मार्ग झाला, आणि १९४२ मध्ये युद्धासाठी लोखंड हवं म्हणून रूळ उपटून नेले. आज दिसतात ते तेवढ्यापुरते नंतर घातलेले.

रविवार-सोमवार, वायोमिंग

पीडमाँटला बाबांच्या आग्रहाने गेलो, कच्चा रस्ता, ओसाड गाव, कोळसा पाडायच्या जुन्या दगडी भट्ट्या. ड्युरंटला अडवलं ती जागा म्हणून बाबांनी फोटो काढून घेतला.

सोमवारी लॅरमीच्या पुढे एम्स मॉन्युमेंट. ८,२४७ फुटांवर, सगळ्या मार्गातलं सर्वांत उंच ठिकाण, तिथे ६० फूट उंच ग्रॅनाइटचा पिरॅमिड एकटाच उभा. १८८२ मध्ये पुरा झाला. ऑलिव्हर आणि ओक्स एम्स या दोघा भावांसाठी, एक युनियन पॅसिफिकचा अध्यक्ष, दुसरा खासदार. मूळ धंदा फावडी बनवायचा. युनियन पॅसिफिकच्या संचालकांनी क्रेडिट मोबिलिए नावाची बांधकाम कंपनी काढली, म्हणजे काम देणारेही तेच आणि वाढीव बिलं लावणारेही तेच, वर खासदारांना स्वस्तात शेअर. १८७२ मध्ये उघडकीला आलं, १८७३ मध्ये ओक्सला संसदेने ठपका दिला. १९०१ मध्ये लाईनच इथून हलवली, शेजारचं शर्मन गाव उठलं, पिरॅमिड राहिला. कोणीतरी गोळ्या झाडून दोन्ही भावांच्या चेहऱ्यांची नाकं उडवलीत. बाबांनी फेरी मारली आणि विचारलं, "आणि डॉनरला काय आहे?" खरंच, तिथे एवढं काहीच नाही.

संध्याकाळी शायान. हॉलिडे पार्कमध्ये बिग बॉय जातीचं ४००४ नंबरचं वाफेचं अजस्र इंजिन आहे, १३२ फूट लांब, अशी पंचवीसच बनली, पहिली १९४१ मध्ये. ४०१४ नंबरचं २०१९ मध्ये दीडशेव्या वर्षासाठी पुन्हा चालू केलंय, ते आम्हाला दिसलं नाही. बाबांचं आता कॅनडाचं चाललंय, ब्रिटिश कोलंबियातलं क्रेगेलाची, जिथे ७ नोव्हेंबर १८८५ ला कॅनेडियन पॅसिफिकचा शेवटचा खिळा बसला. तो साधा लोखंडी. तिथेही डोंगरातलं काम चिनी मजुरांनीच केलं, आणि त्याच वर्षी त्यांच्यावर माणशी ५० डॉलर कर बसला.

कोणी जाणार असेल तर: डॉनरच्या बोगद्याला जुलै ते सप्टेंबर जा, आधी बर्फ असतो आणि आत निसरडं होतं. जाड तळव्याचे बूट, स्वेटर, मोबाईलची नव्हे तर खरी टॉर्च घ्या, आणि ती भिंतीला समांतर धरा, म्हणजे त्या खाचा दिसतात. प्रोमोंटरीला पाणी आणि खाणं बरोबर न्या, इंजिनं हिवाळ्यात सहसा बाहेर काढत नाहीत.